वाइस पुसायची ओढणी

कोहमारा गावातल्या माझ्या घरी मी हौसेने धातू कापायचं छोटं मिलिंग मशीन घेतलंय. काल त्याचा वाइस, म्हणजे काम पकडायचा लोखंडी शिकंजा, खोक्यातून काढला. गंज लागू नये म्हणून तो तपकिरी ग्रीसने बरबटला होता. त्याला कुबट वास येत होता.

वीस वर्षांपूर्वी गोंदियातल्या एका वर्कशॉपात असाच वास होता. तिथे काम शिकणाऱ्या मुली आम्ही दोघीच, मी आणि रोज रेल्वेने येणारी दरेकसा गावची सुनंदा. मशीनमध्ये अडकू नये म्हणून आम्ही ओढण्या खुंटीला टांगायचो. त्या दिवशी नवा वाइस पहिल्यांदाच सुनंदा बसवणार होती. काम शिकवणाऱ्या मिस्त्रीने खुंटीवरची तिची नवी पिवळी ओढणी ओढली आणि वाइसचं ग्रीस त्या ओढणीनेच पुसलं.

"क्या बढ़िया पोछा है!" तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

सुनंदाने ओढणी त्याच्या हातातून हिसकून घेतली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तो तं तसाच हाये. तू काऊन हासून राहिली?"

"सगळेच हासले ना," मी म्हणाले.

तिने नळावर ओढणी खूप चोळली, पण डाग जाईना. तशीच ओली पांघरून ती स्टेशनवर गेली, ती पुन्हा आलीच नाही.

त्याच दुपारी मिस्त्रीने तिचं काम मला दिलं. मी बोल्ट आवळले, सरळपणा मोजायचा डायल लावून वाइस सरळ केला. तो "शाब्बास" म्हणाला, आणि मला आनंद झाला. त्या आनंदाची मला आज किळस येते.