मायांग

शहापूरच्या एका डॉक्टरणीने माझ्या आईचं एक वर्ष खाल्लं. तिला हातही न लावता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझीही चूक येणार आहे आणि तिच्याआड ती बाई लपेल.

आईची पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती. भाताची आवणी चालू असताना तिने मला बांधावर बोलावलं आणि हळूच म्हणाली, "गो, मायांगातून रगत जातं. कुनाला सांगू नको."

मी किन्हवलीची. मुरबाडच्या बाजारात डोक्यावरच्या पाटीतून भेंडी विकायला सुरुवात केली, आज माझा स्वतःचा टेम्पो आहे. काट्यावर बोट ठेवणारा व्यापारी मला बघून हात मागे घेतो. त्याच तोऱ्यात आईला दवाखान्यात नेलं.

पडदा अर्धा उघडा. बाहेर बाकावर दहाबारा बायका. डॉक्टरणीने मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"आईच्या मायांगातून रक्त जातंय, मॅडम."

"काय? मराठीत सांग."

मला वाटलं, आईचा शब्द रानातला, इथे चालत नसेल. मग कोणता चालतो? शाळेत शरीराचा तो धडा गुरुजींनी "घरी वाचा" म्हणून उलटला होता. घरी कोण वाचणार. मला दुसरा एकच शब्द येत होता. बाजारात हमाल एकमेकांच्या आईवरून काढतात तो. मी तो बोलले. आईच्या शरीराबद्दल. आईसमोर.

बाकावर हसू फुटलं.

"शी," डॉक्टरीण म्हणाली. "हा दवाखाना आहे, तुझा भाजीबाजार नाही. कुठून कुठून येतात." कागदावर काहीतरी खरडलं. "या गोळ्या दे तिला. नेक्स्ट."

अर्ध्या किलोसाठी भांडणारी मी. कागद उचलला आणि आईला घेऊन बाहेर पडले.

एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. शेणवा गाव मागे पडलं तेव्हा म्हणाली, "माझ्यापायी तुझ्या तोंडात तो शब्द आला. आता मला कुठं नेऊ नको."

नाही आली. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. ती पहाटे ओहोळावर जाऊन फडकी धुवायची. वर्षभर.

मग एकदा तिथेच कोसळली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने विचारलं, "आजी, काय होतंय?"

"मायांगातून रगत जातं."

त्याने लिहून घेतलं. कळलं त्याला. शब्दाचा अर्थ विचारला नाही. तपासण्या झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "गाठ पसरलीय. वर्षभर आधी आणायचं होतं."

"आणलं होतं," मी म्हणाले.

माझ्या मुलीने कॉलेजातून जाडा शब्दकोश आणला. त्यात तो होता. मायांग. माय अधिक अंग. छापलेला, मराठी. पुढे अर्थ दिलेला: योनी. योनीचा अर्थही मुलीने वाचून दाखवला: मूळ, घर, जन्माची जागा. चौऱ्याऐंशी लक्ष योनी मी लहानपणापासून कीर्तनात लाउडस्पीकरवर ऐकत आलेय. देवळात कोणी शी म्हणालं नाही. आमच्या आज्यांनी त्या जागेला मायेचं नाव ठेवलं होतं, आणि मला त्याची लाज वाटली. ही माझी चूक. ती मी मरेपर्यंत वागवीन.

पण दवाखान्याचा तो कागदही मी शोधून काढला. त्यावर लिहिलंय, पोटदुखी.

आई आता पाणी चमच्याने पिते. जन्मभर मी घासाघीस केली, इथे भाव करायला समोर कोणीच नाही. एक ती बाई सोडून.

सोमवारी मी तिच्या दवाखान्यात जाणार आहे. नंबर लावीन. आत गेल्यावर पडदा पूर्ण उघडीन, कागद टेबलावर ठेवीन आणि बाकावरच्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं बोलेन.

बाई, माझ्या आईच्या मायांगातून रक्त जात होतं. तुम्ही पोटदुखी लिहिलीत. का लिहिलीत, ते आता मराठीत सांगा.