सांतानचा डावा हात

सांतानच्या मुलाचा, आल्विनचा, फोन आला तेव्हा मी गिरीजच्या आमच्या वाडीत केळींना पाणी सोडत होतो. "काका, डॅडी गेले," एवढंच म्हणाला. पाइप तसाच टाकून मी पाचूबंदरला निघालो. सांतान घरातल्या खुर्चीतच गेला होता, समोर अर्धा कप चहा. अंगणात त्याची जुनी मोटरसायकल उभी होती, आणि जमलेली निम्मी माणसं त्याच्याकडे नव्हे, गाडीकडेच बघत होती. सकाळी म्हणे त्याने दहा-बारा किका मारल्या होत्या. "झटका येऊन गेलेल्या मानसानं किका मारायच्या असतात काय?" कुणीतरी म्हणालं. मग आल्विन माझ्याकडे वळला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, तुम्ही तेव्हा ती गाडी दुरुस्त करायला बसला नसतात तर आज डॅडी असते." मी गप्प राहिलो. मयताच्या घरी तोंड कशाला उघडा म्हणून राहिलो, पटलं म्हणून नाही. आता महिना उलटलाय, आता बोलतो.

सांतान आणि मी एका बाकावरचे. मी पुढे कचेरीत चिकटलो, तो बोटीवर गेला. बोटीचं इंजिन आवाजावरून ओळखायचा आणि माणसं शिव्यांवरून. चार वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, वाचा सावरली, डावा हात मात्र अर्धवट लुळा राहिला. बोट विकली. आल्विन त्याला मनवेलपाड्याला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी घेऊन गेला. मुलाने काही कमी केलं नाही, हे मी कबूल करतो. पण मी भेटायला गेलो की हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. "इथं भांडायला पन कोन नाय रे," म्हणायचा. आठव्या महिन्यात बायकोला, फिलूवहिनींना, घेऊन रिक्षाने पाचूबंदरला परत आला आणि दुसऱ्याच दिवशी मला बोलावणं धाडलं. त्याला रोज सकाळी धक्क्यावर मासळीच्या लिलावाला जायचं होतं, तेही कुणाच्या मागे बसून नाही, स्वतःच्या गाडीवर. आणि गाडीचा क्लच गेलेला. अ‍ॅक्सिलरेटरला पीळ दिला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही, वर जळका वास. सगळे म्हणाले, भंगारात घाल. सांतान म्हणाला, "तुला घालतो भंगारात."

डावा हात धड चालत नसलेला माणूस क्लच बदलायला बसला! क्लचचा दांडा डाव्या हाताला असतो, एवढं तरी लक्षात घे म्हटलं, तर म्हणे, "हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ!" आणि स्वतःच इतका हसला की मलाही हसावं लागलं. मग मी त्याचा डावा हात झालो. त्या दिवसापासून त्याने माझं नावच टाकलं. "ए डाव्या, पाना धर. डाव्या, झाकन ओढ, ठोकू नको, ते काय नारल हाय?" आधी ऑइल काढलं, मग किकचा दांडा, मग इंजिनाचं उजवं झाकण. झाकणाचे बोल्ट लहानमोठे. ते त्याने एका पुठ्ठ्यात जागच्या जागी खोचून ठेवायला लावले. आतल्या प्लेटा झिजून गुळगुळीत झालेल्या. नव्या प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये भिजवल्या आणि सकाळी एकाआड एक बसवल्या. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकच आवळला की तिरपं बसतं, हे त्याने मला चारदा सांगितलं. संध्याकाळी गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला... आणि इंजिन पुन्हा बोंबललं. गाडी हलेना.

ऑइलचा कॅन बघून कारण कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. गृहस्थाने गाडीत बोटीच्या इंजिनाचं ऑइल भरलं होतं. प्लेटा भिजवल्या त्याही त्यातच. आणि आजचंच नाही, वर्षानुवर्षं तेच भरत होता. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. चुकीचं ऑइल पडलं की प्लेटा एकमेकींवर घसरतात, पकड घेत नाहीत. मी सांगितलं तर उसळला. "जे ऑइल भर दर्यात दगा देत नाय, ते रस्त्यावर देनार? दुकानातलं तुझं ऑइल म्हंजे रंगीत पानी!" मी म्हटलं, मर मग तुझ्या बोटीच्या ऑइलमध्ये बुडून. चालता झालो. असं बोलायला नको होतं, पण बोललो.

पंधरा दिवसांनी वाडीच्या बांधावर हॉर्न. बघतो तर सांतान गाडीवर! "प्लेटा काढल्या, पुसल्या, परत बसवल्या. फिलूनं धरलं. आनि बघ, बोटीच्याच ऑइलवर आलो!" क्लच डाव्या हाताच्या चार बोटांनी कसाबसा ओढायचा आणि अगदी हळू सोडायचा. गाडी कुठे घसरत नव्हती. मला काही उमजेना. मान खाली घातली. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं तो रोज सकाळी लिलावाला गेला, तिथे मनसोक्त भांडला, आणि रविवारी माझ्याकडे बोंबील टाकून गेला. ही तीन वर्षं ज्यांना दिसत नाहीत आणि शेवटच्या दहा किका तेवढ्या दिसतात, त्यांच्या डोळ्यांत औषध घाला. पण खरं सांगायचं तर रात्री अंथरुणावर मलाही त्या किका ऐकू यायच्या...

परवा चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिस्सा झाली. नंतर घरी बसलो असताना आल्विन म्हणाला, "गाडीला गिऱ्हाईक आलंय, उद्या नेतील. नजरेसमोर नको ती." मग पुन्हा माझ्याकडे बघून, "तुम्हाला वाईट वाटेल काका, पण..." तेवढ्यात फिलूवहिनी आतून सांतानचा तो बोटीच्या ऑइलचा कॅन घेऊन आल्या. माझ्यापुढे ठेवला. "भावजी, वास घ्या." घेतला. साधं मोटरसायकलचं ऑइल, दुकानातलं.

"तुमी भांडून गेलात त्याच दिवशी आनलं. बोटीचं ओतून दिलं, त्याच कॅनात हे भरलं. तेव्हापासून भरते. त्याला शेवटपरेंत सांगितलं नाय." मग मुलाकडे वळल्या. "काकाला काय बोलतोस? मला बोल. गाडी मी चालती ठेवली. त्या सकाली किका पन माझ्यासाठीच मारल्या त्यानं. मला पापलेट बघायला जायचं होतं. मागं बसवून नेलं मला, आनलं, मग मी चहा टाकला. भिंतीकडं तोंड करून झोपनारा नवरा मला नको होता. आता त्या गिऱ्हाईकाला फोन कर, येऊ नको म्हनून सांग." आल्विनने खिशातून मोबाइल काढला. गिऱ्हाईकाला फोन लावला. निघताना वहिनी मला म्हणाल्या, "उद्या सकाली या. लिलावाला जायचंय."

गेलो. सांतानची गाडी बाहेर काढली, वहिनी मागे बसल्या. आळीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या, बघू देत. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी हिसका मारून निघाली. मागून वहिनींनी माझा खांदा घट्ट धरला. "हलू, भावजी. तो असा नाय सोडायचा."