फळीवर उभा केलेला माणूस

काचेमागे, चौकटीत टांगलेला कष्टकरी माणूस तुम्हाला इतका का आवडतो? तोच माणूस गोणी घेऊन समोरून आला, तर तुम्ही नाकाला रुमाल लावून बाजूला होता. हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला आहे. असाच एक माणूस मी टांगायला निघाले होते, आणि तो माझा बाप होता.

आबा साताऱ्याकडून येऊन तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी झाले. संघटनेची पत्रकं घरी यायची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. 'माणूस म्हणजे जनावर नव्हे' हे वाक्य मला बडबडगीतांच्या आधी पाठ होतं. पुढे कॅमेरा घेतला तेव्हा ठरवलं, आबांचं काम असं टिपायचं की बघणाऱ्याची मान खाली जाईल.

जागा सापडली हळदीच्या गाळ्यात. ट्रक गाळ्याकडे पाठ करून लागतो, ट्रकपासून गाळ्याच्या ओट्यापर्यंत फळी टाकतात, आणि टोळी एकामागे एक त्या फळीवरून गोण्या वाहते. वर छपराचा एक पत्रा सरकलेला आहे. सकाळी साडेदहाच्या सुमारास तिथून उन्हाचा पट्टा थेट फळीच्या मध्यावर पडतो आणि हवेतली हळद पेटल्यासारखी दिसते. पाच-सहा मिनिटं, बस.

तीन दिवस वाया गेले. आबा त्या पट्ट्यातून दोन पावलांत पार व्हायचे. एकदा चेहरा अंधारात, एकदा पाय हललेला. चौथा दिवस शेवटचा होता. प्रदर्शनासाठी फोटो त्याच संध्याकाळी पाठवायचा होता.

"आबा, मधोमध फक्त एक क्षण थांबा."

"फळीवर थांबत नसत्यात," ते म्हणाले.

टोळीचा मुकादम हसला. "थांब की रं! पोरगी हिरो करतीय तुला. आमाला साईड रोल तरी हाय का, बाई?"

सगळे हसले. आबा नाही. पण पट्टा पडला, आणि ते फळीच्या मध्यावर येऊन थांबले. माझ्या जन्माआधीपासून ते असल्या फळ्यांवरून चालत होते. थांबले ते माझ्यासाठी.

आणि ढग आला. पट्टा विझला.

"हलू नका आबा, येतंय ऊन!"

त्यांच्या मानेची शीर फुगली. मला ती दिसली, आणि आवडली. हे लिहायला जड जातं, पण आवडली.

"ए, चल की फुडं!" मागून कुणीतरी ओरडलं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. ऊन परत आलं. हळद पेटली, आबांचा चेहरा उजळला, आणि नेमके तेव्हाच ते थरथरायला लागले.

"हलू नका म्हटलं ना!" मी बापावर ओरडले, एखाद्या मालकासारखी. क्षणभर थरथर थांबली. मी बटण दाबलं.

थरथर आबांची नव्हती, फळीची होती. पाठीवर गोणी असली की मान खाली जाते, पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसतात. आबांच्या मागचे काका, टोळीतले सगळ्यांत वयस्कर, पुढच्या टाचा थांबल्यात हे कळायच्या आत फळीवर आले होते. त्यांच्या मागे ट्रकमध्ये आणखी चार जण गोण्या घेऊन खोळंबलेले. मागे फिरायला वाट नव्हती. काकांचा गुडघा लटपटत होता, आणि माझ्या चौकटीत काका नव्हतेच.

आधी गोणी पडल्याचा आवाज आला. मग माणूस पडल्याचा.

आबांनी आपली गोणी ओट्यावर फेकली, खाली उडी घेतली, काकांचं डोकं मांडीवर धरलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वझं घेतलेल्याला चालू द्यायचं असतं. उभं केलं की मरतो."

काकांच्या पायाला प्लॅस्टर बसलं. फोटो मी त्याच संध्याकाळी पाठवला. होय, पाठवला. तो निवडला गेला. मग मी मोबाइलवर तो घेऊन कोपरखैरण्याला काकांच्या घरी गेले.

त्यांनी बराच वेळ बघितला. "बाप एकदम देवावानी आलाय. मी कुठाय?"

"तुम्ही मागं होता, काका."

"म्हंजी रोजच्यासारखाच." ते हसले. 

"नको म्हणालात तर मागे घेते."

"मागं घिऊन माझा गुडघा जुळतोय व्हय? लाव. पन खाली लिव, मागं मी हुतो. वझ्यासकट."

मी आयोजकांना ओळ पाठवली: 'या माणसाला मी उभं केलं. त्याच्या मागे आणखी एक माणूस गोणीसकट अडकला. तो पडला.' उत्तर आलं, ओळीमुळे चित्रातली शांतता बिघडते, चित्रालाच बोलू द्या. मी कळवलं, चित्र अर्धंच बोलतंय, ओळ नसेल तर चित्रही नाही. ते प्रदर्शनात लागलं नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. प्रदर्शनात, कॅलेंडरवर, कुणाच्या दिवाणखान्यात ओझं घेऊन निश्चल उभा असलेला माणूस दिसला, तर फोटो काढणाऱ्याला गाठा. विचारा, याला किती वेळ उभं केलंत, आणि याच्या मागे कोण होतं? उत्तर मिळेपर्यंत 'वा' म्हणू नका.