कुंकू लागलेलं पाकीट

शेवंतीचा नवरा महादेव जाऊन नऊ वर्षं झाली, पण गावच्या मतदार यादीत तो अजून जिवंत होता. गुहागरकडच्या त्या वाडीत निवडणूक आली की घरी दोन चिठ्ठ्या यायच्या, एक तिच्या नावाची आणि एक त्याच्या. ती बहरीनला कामाला असल्यामुळे दोन्ही चिठ्ठ्या नणंद स्वप्नाली पत्र्याच्या डब्यात टाकून ठेवायची. एकदाच शेवंती रजेवर असताना मतदानाला गेली, तेव्हा केंद्रावरच्या यादीत महादेवच्या नावापुढे खूण झालेली तिला दिसली. सकाळीच कुणीतरी त्याच्या नावाने मत देऊन गेलं होतं. त्या दिवशी तिने घरी येऊन चूल पेटवली नाही. "मेलेल्या माणसाच्या बोटाला शाई लावली गं कुणी," एवढंच ती स्वप्नालीला म्हणाली.

तरी नाव काढायचा अर्ज काही तिने दिला नाही. रेशनकार्डावरून गेलं, बँकेतून गेलं, एका ठिकाणी तरी राहू दे, असं तिला वाटायचं.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते यावाचून समजायचं नाही.

बहरीनमधल्या जुफैर भागात एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर एक अमेरिकन बाई राहायच्या. जवळच्या नौदलाच्या तळावरच्या मुलांना त्यांनी वीस वर्षं शिकवलं, मग निवृत्त झाल्या आणि इथेच राहिल्या. शेवंती सात वर्षं त्यांच्याकडे होती. झाडलोट, कपडे, दुपारचं सूप, आणि मॅडमना हौस म्हणून आठवड्यातून एकदा घावणे. मॅडम तिला "शेवा" म्हणायच्या. दोघींची भाषा म्हणजे तुटकं इंग्रजी, थोडं हिंदी आणि उरलेलं हातवारे. गुडघे गेल्यामुळे मॅडमच्या हातात काठी असायची. काठीच्या टोकाचं रबर झिजलेलं होतं, त्यामुळे त्या फरशीवरून चालल्या की टक, टक, असा आवाज घरभर फिरायचा.

मॅडमना एक मुलगी होती. नवऱ्याला सोडून त्या इकडे आल्या तेव्हा ती बापाकडेच राहिली. अकरा वर्षं तिने आईशी फोनवर शब्द काढला नव्हता. तिचा लहानपणीचा फोटो मात्र फ्रिजवर चिकटवलेला होता, आणि तो पुसताना शेवंती दर वेळी जपून पुसायची.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी मॅडमनी टेबलावर एक लांबलचक कागद पसरला. "शेवा, बस. मला साक्षीदार हवाय."

शेवंती घाबरली. "कोर्टाचं काही आहे का मॅडम?"

मॅडम हसल्या. त्यांच्या राज्याची निवडणूक होती, परदेशातल्या माणसांना मत टपालाने पाठवता येतं, आणि पाकिटावर साक्षीदाराची सही लागते, असं त्यांनी समजावलं. कागदावर एकाखाली एक पदं होती. गव्हर्नर, उपगव्हर्नर, सरकारी वकील, खजिनदार, शेतीखात्याचा प्रमुख, शाळाखात्याचा प्रमुख.

"एवढे सगळे लोकच निवडतात?" शेवंतीने विचारलं. "आमच्यात मंत्री कोण ते त्यांचं तेच ठरवतात."

"आमच्यात शाळेचा मंत्रीसुद्धा आम्हीच," मॅडम म्हणाल्या, आणि खालच्या एका नावावर बोट ठेवून थांबल्या. मग फ्रिजवरच्या फोटोकडे बघितलं. "ही माझी मुलगी."

मग त्यांनी डाव्या हाताने कागद झाकला, परीक्षेत मुलं झाकतात तसा, आणि एकेक ठिपका पेनाने भरत गेल्या. त्या खालच्या ओळीशी हात थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ठिपका भरला. कुठला, ते शेवंतीला दिसलं नाही. कागद एका पाकिटात, ते दुसऱ्या पाकिटात. बाहेरच्या पाकिटावर मॅडमनी सही केली आणि खाली शेवंतीने केली. तिला इंग्रजीत सही येत नव्हती, तिने मराठीत केली, शेवंती महादेव आंबेकर, अशी पूर्ण.

"अर्शदला दे. कुरियरने जायला हवं. तारखेच्या आत नाही पोचलं तर गेलं वाया."

अर्शद म्हणजे इमारतीचा ड्रायव्हर. तो त्या संध्याकाळी विमानतळावर गेला होता, म्हणून शेवंती पाकीट घेऊन झिंज भागातल्या आपल्या खोलीवर आली. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून तिने देवाची पूजा केली. पाकीट फळीवर देवापुढेच होतं. चांगल्या कामाचा कुठलाही कागद घराबाहेर जाण्याआधी देवापुढे ठेवायचा आणि त्याच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं, ही तिच्या आईची रीत. लग्नपत्रिका, मुलाचा दहावीचा फॉर्म, तिचा स्वतःचा पासपोर्ट, सगळ्यांना लावलेलं. कपाळाला ती आता लावत नसे, पण देवाच्या कामाला हात आपोआप जायचा. तसा गेला. बोट ओलं होतं. चौथ्या कोपऱ्याला कुंकू ओघळलं आणि थेट मॅडमच्या सहीच्या शेपटापर्यंत पसरलं.

तिने पदराने टिपलं. डाग आणखी वाढला.

शुक्रवार-शनिवार तिला मॅडमकडे सुट्टी असायची. शनिवारी बाजारात अर्शद समोर आला तरी तिने पाकीट पिशवीतून काढलं नाही. लाल डाग बघून तिकडचे लोक फेकून देतील. रविवारी मॅडमना दाखवू, त्यांना दुसरा कागद मागवता येत असेल, असं तिने ठरवलं. संध्याकाळी मॅडमचा फोन आला.

"शेवा, गेलं का पाकीट?"

"गेलं मॅडम."

का बोलली, तिचं तिलाच कळलं नाही. लाजेने बोलली. रविवारी तिने किल्लीने दार उघडलं तेव्हा मॅडम खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर, काठी खाली पडलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, पहाटेच.

त्यांचं शरीर वकिलातीने विमानाने पाठवून दिलं. मुलगी निवडणुकीनंतर सामान आवरायला येणार होती. तोवर रोज एक तास येऊन घर बघ, असं इमारतीच्या ऑफिसने शेवंतीला सांगितलं.

पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता ती भांडी पुसत होती. बाहेर पांढरं ऊन, खिडक्या बंद, एसीची घरघर. बैठकीच्या खोलीतून आवाज आला. टक.

ती गेली. काठी भिंतीला टेकून उभी होती, तिनेच ठेवलेली. परत स्वयंपाकघरात आली. टक, टक. आणि मग, कानात म्हणावं तर कानात नाही, पण स्पष्ट: शेवा, गेलं का?

दुसऱ्या दिवशी तिने काठी कपाटात ठेवली. आवाज आलाच. तिसऱ्या दिवशी टेबलापाशी एक खुर्ची बाहेर ओढलेली होती, ज्या खुर्चीत बसून मॅडमनी ठिपके भरले तीच. आपणच पुसताना ओढली असेल, असं तिने स्वतःला समजावलं. चौथ्या दिवशी रामरक्षा म्हणत काम केलं. तेवढा वेळ शांत राहिलं. शेवटची ओळ संपली, तिने श्वास घेतला, आणि टक.

रामरक्षेने भूत जाईल, पण आपलं खोटं कसं जाईल, हे तिला कळत होतं.

संध्याकाळी ती राजनसाहेबांकडे पोळ्या करायला जायची. पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, माणूस चांगला, फक्त टोमणे मारायची सवय. तिने कणीक मळता मळता सगळं सांगितलं, आवाजाचं तेवढं सोडून.

"शेवंतीबाई, गावच्या सरपंचाला कधी नीट मत दिलंत का? आणि आता अमेरिकेचा गव्हर्नर निवडायला निघालात!"

"मी नाही हो साहेब. त्यांनी निवडलाय. मी नुसतं अडवून ठेवलंय."

राजनसाहेबांनी मोबाईलवर बराच वेळ काहीबाही वाचलं. हसू गेलं. "मत देऊन मग माणूस गेला, तर काही राज्यांत ते मोजतात, काही राज्यांत नाही. ह्या बाईंचं राज्य कुठलं, कायदा काय, आपल्याला काय ठाऊक? तुम्ही आपल्या व्हिसावर आहात. परक्या देशाच्या निवडणुकीत तुमची मराठीत सही. फाडून टाका आणि खलास."

"फाडू?"

"मेलेल्या माणसाचं मत पाठवणार आहात का तुम्ही?"

शेवंतीच्या हातातला गोळा परातीत पडला. महादेवच्या नावापुढची ती खूण तिच्या डोळ्यांपुढे आली. ज्याने कुणी ते मत दिलं, त्याला ती तेव्हापासून मनातल्या मनात शाप देत आली होती. आता तीही तेच करणार का?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रिकाम्या घरात गेली आणि काम न करता टेबलापाशी दुसऱ्या खुर्चीत बसली. पाकीट समोर ठेवलं. आवाज यायची वाट बघत बसली. आला. ह्या वेळी ती उठली नाही.

"मॅडम," ती मराठीतच म्हणाली, "आमच्या ह्यांच्या नावाने दुसऱ्याने दिलं होतं. तुमचं तुम्ही दिलंत. माझ्या डोळ्यांदेखत, जिवंतपणी. ते फाडलं तर तुमचं मत मी चोरलं असं होईल. बरोबर ना?"

तिने पाकीट उचललं.

ती खाली गेली. अर्शद गाडी पुसत होता.

"अर्शदभाई, कुरियर."

"दीदी, अभी? मेरी ड्यूटी..."

"अभी. मॅडम का है."

अर्शदने फडकं टाकलं. "मॅडम का? फिर यल्ला, चलो, बैठो."

कुरियरच्या काउंटरवरचा माणूस पाकीट उलटसुलट करत राहिला. "ये क्या है? खून?"

"पूजा का है भाई," अर्शद म्हणाला. "तू टाइम पे पहुँचा, बस."

"इंशाल्ला," तो माणूस म्हणाला आणि शिक्का मारला. तारखेला सहा दिवस उरले होते.

शेवंतीला वाटलं होतं, आता आवाज थांबेल. थांबला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा, टक, टक, आणि तोच प्रश्न. तिने पोछा खाली ठेवला आणि बैठकीच्या दारात उभी राहून म्हणाली, "गेलं मॅडम. आता खरंच गेलं." पण पोचलं की नाही, डाग बघून घेतलं की टाकलं, ते तिला तरी कुठे माहीत होतं? पुढचे तीन आठवडे ती रोज तेच उत्तर देत राहिली.

नोव्हेंबरच्या शेवटी मुलगी आली. पंचेचाळिशीची, उंच, मॅडमचंच नाक. ती निवडणुकीत पडली होती, खूप मतांनी. दोन दिवस ती न बोलता खोके भरत राहिली. तिसऱ्या दिवशी शेवंतीने चहा दिला तेव्हा तिने सावकाश, सोप्या इंग्रजीत विचारलं, "ती माझ्याबद्दल काही बोलायची?"

शेवंतीने फ्रिजवरचा फोटो दाखवला. मग पाकिटाचं सांगितलं. पहिल्यापासून, डागासकट, खोट्यासकट.

मुलगी टेबलाची कड धरून बसली. "मत कुणाला दिलं?"

एक शब्द पुरला असता. तुला. शेवंतीच्या ओठांवर आलाही. कोण पाहणार होतं? पण ह्याच पाकिटाबद्दल ती एकदा खोटं बोलली होती, आणि ते महिनाभर ह्या घरात काठी घेऊन फिरत होतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "त्यांनी तुझं नाव मला दाखवलं. मग हाताने झाकलं. तुझ्या ओळीपाशी चष्मा पुसला. मग ठिपका भरला. एवढंच मी पाहिलं."

मुलीने मोबाईल काढला. निवडणूक खात्याचं पान उघडून आईचं नाव घातलं, जन्मतारीख घातली. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मग ती वाचत राहिली, आणि खूप वेळाने फोन शेवंतीकडे वळवला, जणू तिला वाचता येणार होतं.

"मिळालं. स्वीकारलं. मोजलं." ती म्हणाली. "ती जाऊन पंधरा दिवस झाल्यावर."

"डाग?"

"डागाचं काही लिहिलेलं नाही."

शेवंतीने तिथेच हात जोडले. मुलगी हसायला लागली, आणि हसता हसता तोंड झाकून रडली. आईने आपल्याला मत दिलं की पाडलं, हे तिला जन्मभर कळणार नव्हतं. शेवंतीलाही नाही.

निघताना मुलीने सगळं सामान खोक्यांत पाठवलं, काठी तेवढी हातात घेतली. लिफ्टकडे जाताना ती सहज टेकवत गेली. टक, टक, टक. शेवंती दारात उभी राहून ऐकत होती. अगदी तोच आवाज, लांब लांब जाणारा. लिफ्टचं दार लागलं. ती आत येऊन बराच वेळ बैठकीत उभी राहिली. एसी बंद केला, तरी काही आलं नाही.

त्याच आठवड्यात स्वप्नालीचा फोन आला. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती.

"वैनी, चिठ्ठ्या आल्या गो. तुझी आन् दादाची. डब्यात टाकू ना?"

"माझी टाक," शेवंती म्हणाली. "त्यांच्या नावाचा अर्ज भर. काढून टाका म्हणावं."

"अगं, नऊ वर्षं ठेवलंस, आन् आता?"

"त्यांचं मत ते देऊन गेले असते तर गोष्ट वेगळी. दिलं नाही ना. आता दुसऱ्या कुणी देऊ नये."

पलीकडे स्वप्नालीने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मृत्यूचा दाखला लागेल. कुठाय?"

"देवाच्या फळीवर, पोथीखाली. कोपऱ्याला कुंकू आहे बघ, बँकेत नेताना मीच लावलं होतं."