नऊ अँपिअरचे चार झाले

रविवार, ८ मार्च १९९८. श्रीरामपूरच्या आमच्या घरात मी, पत्नी, खाटेवर आई आणि पुण्याहून आलेला मेहुणा, एवढे हजर होतो. इन्व्हर्टर आणि शंभर अँपिअर-तासांची बॅटरी नऊ हजार दोनशेला घेऊन महिना झाला होता. घेतली ती आईसाठी. तिला दमा होता आणि औषधाच्या वाफेचं मशीन विजेवर चालायचं.

मी कॉलेजात गणित शिकवायचो. निकालाचे तक्ते घरच्या संगणकावर, लिनक्समध्ये करायचो. लाईट गेली की तो एकटा बॅटरीतून नऊ अँपिअर ओढायचा. मेहुण्याने त्याचा कर्नल, म्हणजे सगळा कारभार चालवणारा आतला गाभा, नव्याने बांधला. काम नसलं की प्रोसेसरने थांबायचं, पाच मिनिटांनी पडदा काळा, दहा मिनिटांनी डिस्क बंद. मीटर लावला. चार अँपिअर.

"दाजी, आता हा तुमच्यापेक्षा कमी खातो," तो म्हणाला.

आई हसली नाही. संगणक चालू राहिला तर डिस्कच्या घरघरीवरून खाटेवरून तीच सांगायची. "आता मला कळायचं न्हाई," ती म्हणाली. मी मीटरकडेच बघत होतो.

मे महिन्यात वादळाने खांब पडले. सकाळी सातला लाईट गेली. मला पेपर तपासायला नगरला जायचं होतं. पंखा सहा अँपिअर, आईचं मशीन दोनदा दहा-दहा मिनिटं. रात्रीपर्यंत बॅटरी पुरत होती. संगणक बंद आहे ना, म्हणून विचारलं. पत्नीने धुळीसाठी शिवलेलं झालरीचं आवरण त्याच्यावर होतं, हिरवा दिवा त्याखाली झाकलेला. आवाज नव्हता.

"बंदच आहे, अहो. निघा तुम्ही."

आदल्या संध्याकाळी तो मीच चालू ठेवला होता. आवरण मीही उचललं नाही.

चारच्या सुमारास आईला धाप लागली. मशीन दोन मिनिटं चाललं आणि इन्व्हर्टर शिटी देऊन बंद पडला. पंख्याचे सहा आणि संगणकाचे चार, दहा, गुणिले नऊ तास, नव्वद; बॅटरी पूर्ण रिकामी व्हायच्या आधीच इन्व्हर्टर तोडतो. हा गुणाकार मी परतल्यावर केला.

समोरच्या कापूस व्यापाऱ्याने आईला जीपमधून दवाखान्यात नेलं होतं. ओठ निळे पडले होते, एवढंच पत्नीने सांगितलं.

आई पाच दिवसांनी घरी आली. त्यानंतर ती एकटी अंगणापर्यंतही गेली नाही. डॉक्टरांना अठराशे चाळीस रुपये दिले. व्यापाऱ्याला डिझेलचे साठ देऊ केले. ते त्याने घेतले.