ऐंशी ग्रॅम

समोरच्या खोलीतल्या माणसाला सगळे मामा म्हणतात. कुणाचे मामा, ते विचारू नका. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकतीस वर्षं रोज पाचशे माणसांना जेवू घातलं, तेव्हा कुणीतरी म्हटलं आणि ते चिकटलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी लांब असते. निवृत्त झाले तेव्हा कॅन्टीनवाल्यांनी निरोपाला काय द्यावं? वजनकाटा!

मामांना थोडा स्वयंपाक म्हणून येतच नव्हता. रोज संध्याकाळी सात वाजता माझ्या दारावर टकटक आणि हातात झाकलेली मोठी वाटी. "बाई, जरा जास्त झालं." जरा? मी शाळेतून निवृत्त झालेली गणिताची बाई, एकटी. मला ते दोन दिवस पुरायचं. "मामा, हे माझं पोट आहे की तुमचं कोठार?" मी करवादायचे. ते हसायचे, उंबऱ्यावरच पाच मिनिटं उभे राहायचे, गुडघा दुखतोय, मुलीचा फोन नाही, असलं काहीबाही सांगायचे आणि जायचे.

घरी उरलेलं शिळंपाकं मामा स्वतःच संपवायचे. शेवटी पोट बिघडलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली: एका वेळेला तांदूळ ऐंशी ग्रॅम, शिळं बंद. पण काटा दाखवतो किलो. मामांनी त्यावर ०.८ आणलं आणि बिनधास्त शिजवलं. त्या दिवशी वाटीऐवजी पातेलंच घेऊन आले.

"अहो, हे आठशे ग्रॅम झाले! दहा माणसांचं!" मी कपाळावर हात मारला. "वही आणा."

आठवडाभर शिकवणी चालली. एका किलोत हजार ग्रॅम. ग्रॅमचे किलो करताना हजाराने भागायचं, म्हणजे दशांश चिन्ह तीन घरं डावीकडे. मामा दोनच घरं जायचे आणि थांबायचे. "अजून एक!" मी ओरडायचे. "कॅन्टीनमध्ये बाई, किलोच्या खाली कुणी बोलायचंच नाही," ते पुटपुटायचे.

मग एके दिवशी त्यांनी आपण होऊन उदाहरण मांडलं. रोजचे चाळीस किलो, म्हणजे चाळीस हजार ग्रॅम, भागिले पाचशे. उत्तराकडे बघतच राहिले. "बाई, ऐंशीच! माणशी ऐंशी. म्हणजे एकतीस वर्षं मी हेच शिजवत होतो. फक्त माणसं जास्त होती."

मी बरोबरची खूण केली. शाबासकीही दिली. मलाच कौतुक माझं!

दुसऱ्या दिवशी सात वाजले. सव्वासात झाले. टकटक नाही.

पोळलेच मी. शिकवलं कुणी? मीच. मग आता तक्रार कुणाकडे करणार? नऊ दिवस मी पाव आणि दूध खाल्लं, कारण एकटीसाठी चूल पेटवायचा मला पहिल्यापासून कंटाळा. मामांची शेवटची वाटी घासून फळीवर पालथी घातली होती. तिच्याकडे बघून रडू यायचं, खोटं कशाला बोलू? भातासाठी नव्हे. गुडघ्याचं काय झालं, ते कळत नव्हतं.

दहाव्या दिवशी वाटी उचलली आणि समोरचं दार वाजवून आत गेले. मामा काट्यावर वाकून चमच्याने तांदूळ काढत होते. काट्यावर ०.०८०.

"बघा बाई! एक दाणा इकडचा तिकडे नाही."

"हुशार," मी म्हटलं. "आता एक उदाहरण घालते. माणशी ऐंशी ग्रॅम, तर दोन माणसांचे काट्यावर किती?"

त्यांनी बोटांवर घरं मोजली. "शून्य पूर्णांक एकशे साठ सहस्रांश." मग चमचा खाली ठेवला. "पण बाई, दुसरं माणूस आणू कुठून?"

मी वाटी ओट्यावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.

"घाला ना तांदूळ," मी म्हटलं. "माझ्या तोंडाकडे काय बघताय?"