सुटीच्या भोंग्याला उलट्या दिशेनं

आमच्या कारखान्याच्या वसाहतीत घड्याळ बघायची कुणाला सवय नव्हती. भोंगा झाला की डबे भरायचे, भोंगा झाला की चहा टाकायचा. जेवणाच्या सुटीनंतरचा भोंगा झाला की माणसं परत आत जायची आणि फाटकाकडचा रुंद रस्ता संध्याकाळपर्यंत ओस पडायचा. बाहेर जायची वाट तीच, म्हणून कुठे जायचं असलं तर मी तेव्हाच सायकल काढायची.

खरं तर मसाले विकायला मला वसाहतीबाहेर जावंच लागायला नको होतं. माझा काळा मसाला आणि मेतकूट आमच्या सहकारी भांडारात ठेवा म्हणून मी कितीदा खेटे घातले. तिथले सेक्रेटरी म्हणाले, "एकीचा माल ठेवला तर उद्या सगळ्या बायका येतील." येऊ देत की! ज्यांच्या घरच्या खरेदीवर भांडार चाललं, त्यांनाच दार बंद. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

मग मी बिट्टन मार्केटमधला एक दुकानदार पटवला. त्याच्याकडे मसाल्यांची एकच फळी रिकामी होती आणि मला बोलावलं त्याच दुपारी दुसराही एक मसालेवाला येणार होता. दुकानदार म्हणाला, "जो पहले आएगा, फळी उसकी." हिंदी-मराठीची अशी खिचडी भोपाळात कुणाच्या कानाला खटकत नाही.

त्या दिवशी कारखान्यात विश्वकर्मा पूजा होती. एरवी प्रसाद वाटून झाला की काम पुन्हा सुरू व्हायचं. भोंगा ऐकला, पिशवी कॅरिअरला बांधली आणि निघाले. वळणावर पोचले तर समोर सायकलीच सायकली! त्या वर्षी साहेबांनी अर्ध्या दिवसाची सुटी दिली होती आणि मी ऐकला तो कामावर परतायचा नव्हे, सुटीचा भोंगा होता.

सुटीच्या वेळी अख्खा रस्ता सुटणाऱ्यांचा, हा तिथला रिवाज. समोरून येणाऱ्यानं कडेच्या झाडाखाली उभं राहायचं आणि लोंढा सरेपर्यंत हलायचं नाही. मी थांबले असते तर फळी गेलीच होती. घंटी वाजवत मी सरळ आत घुसले.

"अरे भाभीजी, किधर? छुट्टी हो गई!"

"तुमची झाली, माझी नाही!" मी ओरडले. तेवढ्यात कुणाच्या तरी हँडलला माझं हँडल अडकलं आणि सायकलीसकट मी आडवी झाले.

मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण मागचे थांबले, त्यांच्या मागचे थांबले. एकानं सायकल उभी केली, दुसऱ्यानं पिशवी झटकून पुन्हा बांधली. "वहिनी, लागलं का?" त्यानं विचारलं.

"लागलं ते राहू द्या. दुकान गाठायचंय."

तो हसला. दोघांना हाक मारून त्यानं सायकल वळवली आणि ते तिघं माझ्यापुढे झाले. "साइड! साइड दो भाई, सवारी आ रही है!" अर्ध्या दिवसाची सुटी, घर दुसऱ्या दिशेला, आणि ही माणसं मला मोठ्या चौकापर्यंत वाट करून देत गेली. तिथून हात हलवून परत फिरली.

दुकानात मी पहिली पोचले. दुकानदार वरची फळी दाखवायला लागला. "तिथे काय कबुतरं घेणार माझा मसाला?" असं म्हणून मी भांडून डोळ्यांसमोरची फळी घेतली. आमचा धंदा त्या दिवशी उभा राहिला.

रात्री ह्यांना म्हटलं, "त्या तिघांना उद्या मेतकूट नेऊन द्या."

"कोण होते?"

"निळ्या शर्टातले."

"अगं, कारखान्यात सगळेच निळ्या शर्टात असतात."

तेव्हा मी ठरवलं, वसाहतीतला कुठलाही निळा शर्ट दारात मसाला मागायला आला की तो सांगेल तो भाव. त्यांच्या बायकांशी मात्र मी शेवटपर्यंत घासाघीस केली.